घराचा हक्क घटनेत आला तर घर परवडेल का? आमदार-खासदारांकडे नेमकं काय मागायचं

प्रश्न असा आहे: शहरात घर घेणं नोकरदार माणसाच्या आवाक्याबाहेर गेलंय. घर हा मूलभूत हक्क व्हावा म्हणून घटनादुरुस्तीची मागणी आम्ही आमच्या लोकप्रतिनिधींकडे करणार आहोत. त्यांच्या हातात नेमकं काय आहे, आणि दुरुस्ती झाली तर किमती उतरतील का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देतो. किमती उतरणार नाहीत. घटनादुरुस्तीने मिळू शकतात त्या दोन गोष्टी: राहतं घर हिरावून घेताना सरकारवर कडक बंधन, आणि बेघर व अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी काही करण्याची, कोर्टात जाब विचारता येईल अशी जबाबदारी. दोन्ही मोलाच्या आहेत आणि मागायलाच हव्यात. पण चौरस फुटाचा भाव ठरतो तो जमिनीचा पुरवठा, चटईक्षेत्राचे नियम (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं), अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी विकासक भरतो ती रक्कम), मुद्रांक शुल्क आणि भाड्याचा कायदा यांवर. यातलं जवळपास सगळं राज्याच्या अखत्यारीत येतं, म्हणजे तुमच्या आमदाराच्या. खासदाराकडे आमदाराचं काम आणि आमदाराकडे खासदाराचं काम मागितलं की दोघंही "वर पाठवतो" म्हणतात आणि निवेदन तिथेच संपतं. म्हणून मागणी पहिल्या दिवसापासून दोन भागांत लिहा.

घटनेत आज काय आहे ते पाहू. "घर" किंवा "निवारा" हा हक्क म्हणून घटनेत कुठेही लिहिलेला नाही. अनुच्छेद १९ देशात कुठेही राहण्याचं आणि स्थायिक होण्याचं स्वातंत्र्य देतो, पण राहायला जागा देत नाही. निवाऱ्याचा हक्क आला तो अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा न्यायालयांनी लावलेल्या अर्थातून. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांबद्दल सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. १९९० च्या शांतिस्टार बिल्डर्स खटल्यात राहण्याजोग्या निवासाचा उल्लेख आला, १९९६ च्या चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मांडला गेला. तरीही ओल्गा टेलिसचा शेवट विसरू नका. तत्त्व मान्य झालं, आणि पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबून पदपथ मोकळे करायला परवानगीही मिळाली. न्यायालय हटवण्याची पद्धत तपासू शकतं. नवी घरं बांधण्याचा कार्यक्रम आखणं, त्याला पैसे देणं हे काम त्याचं नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात, ज्याला लोक बुलडोझर निकाल म्हणतात, न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव यांवरची अनधिकृत बांधकामं आणि कोर्टाच्याच आदेशाने होणारी पाडकामं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे सर्वांत असुरक्षित माणूस बाहेरच राहिला. घटनेत स्वतंत्र तरतूद हवी, या मागणीचा सर्वांत भक्कम आधार हीच पोकळी आहे.

आता प्रक्रिया. अनुच्छेद ३६८ प्रमाणे दुरुस्तीचं विधेयक फक्त संसदेत मांडता येतं, कोणत्याही एका सभागृहात. प्रत्येक सभागृहात दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर किमान २७२ मतं लागतातच; त्यातही मतदान ४८० जणांनी केलं तर ३२० लागतात. दोन सभागृहांत मतभेद झाला तर साध्या विधेयकासारखी संयुक्त बैठक इथे बोलावता येत नाही. विधेयक तिथेच पडतं.

विधानसभा घटनादुरुस्ती सुरू करू शकत नाही. ती ठराव करून शिफारस करू शकते, बंधन घालू शकत नाही. राज्यांची खरी भूमिका येते ती अनुसमर्थनात: सातव्या अनुसूचीतल्या याद्या (कोणते विषय केंद्राचे, कोणते राज्यांचे आणि कोणते दोघांचे, म्हणजे समवर्ती, हे सांगणाऱ्या), संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, केंद्र-राज्य कायदेविषयक अधिकार अशा बाबींना हात लागला तर निम्म्या राज्यांच्या, म्हणजे आज २८ पैकी किमान १४ विधिमंडळांच्या ठरावांची गरज असते. मूलभूत हक्कांत नवा अनुच्छेद घालायला ही अट नाही. "घरबांधणी" हा विषय समवर्ती सूचीत आणायचा असेल तर आहे.

इथे एक धोका आहे, आणि त्याचा संबंध थेट गृहनिर्माण संस्थांशी येतो. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी घटनेत भाग ९-ख घातला. संचालकांची कमाल संख्या, मुदत, निवडणुका, लेखापरीक्षण असं सगळं त्यात होतं. महाराष्ट्राने २०१३ साली आपला सहकार कायदाही त्याप्रमाणे बदलून घेतला. पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, आणि या दुरुस्तीला निम्म्या राज्यांची मान्यता घेतलेलीच नव्हती. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग रद्द केला. त्याच निकालात नमूद आहे की पंचायती आणि नगरपालिकांच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीच्या वेळी राज्यांची मान्यता घेतली होती. जमीन हीसुद्धा राज्यसूचीतली १८ वी नोंद आहे. म्हणून निवाऱ्याचा हक्क वरवर मूलभूत हक्कांच्या भागात घातला, पण त्यातल्या तरतुदींनी जमिनीविषयीचा राज्यांचा अधिकार प्रत्यक्षात आवळला, तर तोच आक्षेप पुन्हा उभा राहील. तांत्रिकदृष्ट्या गरज नसली तरी राज्यांची मान्यता घेऊनच पुढे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मसुदा कसा असावा, हे खासदाराला सांगताना शब्द हातात द्या. "घराचा मूलभूत हक्क द्या" या एका ओळीने काहीही साधत नाही. सुरुवातीला असं काही लिहिता येईल: "न्यायालयाच्या आदेशाशिवाय आणि पर्यायी व्यवस्थेचा विचार झाल्याशिवाय कोणालाही राहत्या घरातून काढता येणार नाही. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत प्रत्येक कुटुंबाला सुरक्षित व परवडणारा निवारा मिळावा यासाठी राज्य कायद्याने टप्प्याटप्प्याने उपाय करील." दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचं २६ वं कलम साधारण याच घडणीचं आहे. त्यावरच्या २००० सालच्या ग्रूटबूम खटल्यात तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की मागितल्याबरोबर प्रत्येकाला घर देण्याचं हे वचन नाही, पण सरकारचा कार्यक्रम वाजवी आहे का आणि अगदी निराधारांसाठी त्यात काही आहे का, हे न्यायालय तपासू शकतं. आपल्याकडे एवढं मिळालं तरी पुष्कळ.

या मसुद्यात तीन ठिकाणी दगा होतो. पहिलं ठिकाण म्हणजे अंमलाची तारीख. शिक्षणाचा हक्क देणारी ८६ वी दुरुस्ती २००२ साली झाली, पण "केंद्र सरकार अधिसूचित करील त्या दिवशी" ती लागू व्हायची होती. अनुच्छेद २१क आणि त्याखालचा २००९ चा कायदा, दोन्ही १ एप्रिल २०१० ला अमलात आले. २००२ साली सात-आठ वर्षांची असलेली मुलं मधल्या सात वर्षांत या हक्काच्या वयातून निघून गेली. म्हणून विधेयकातच कमाल मुदत लिहा: संमतीनंतर एक वर्षाच्या आत. दुसरं ठिकाण "राज्य" हा शब्द. अनुच्छेद १२ प्रमाणे त्यात केंद्र, राज्य आणि महापालिकासुद्धा येतात. जबाबदारी सगळ्यांची ठेवली की ती कोणाचीच राहत नाही, आणि शेवटी पैसे नसलेल्या नगरपालिकेच्या गळ्यात पडते. कोण बांधणार, कोण पैसे देणार, हे अंमलाच्या कायद्यात नावानिशी यायला हवं. तिसरं, "घर" म्हणजे मालकीचं घर असं गृहीत धरणं. हक्क निवाऱ्याचा मागा. त्यात भाड्याचं सुरक्षित घरही यायला हवं. मालकीपुरताच मागितलात तर खर्चाचा आकडा इतका फुगेल की अर्थ खातं पहिल्याच टिपणीत विधेयक बाजूला ठेवेल.

खासदार मंत्री नसेल तर, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, अशासकीय विधेयक मांडू शकतो. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात आणि घटनादुरुस्तीचं अशासकीय विधेयक मांडण्याआधी संबंधित समिती तपासते. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेलं नाही, हे आधीच लक्षात घ्या. तरीही उपयोग होतो. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं तिरुची शिवा यांचं अशासकीय विधेयक २०१५ साली राज्यसभेने मंजूर केलं, त्यानंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यातल्या त्रुटींवर वाद आहेत, पण विषय पटलावर आला तो याच वाटेने.

दुरुस्ती होऊनही काहीच घडत नाही, असंही होतं. ७५ व्या दुरुस्तीने घरभाड्याच्या वादांसाठी न्यायाधिकरणं नेमण्याची मुभा विधिमंडळांना दिली. राजस्थानने २००१ च्या कायद्यात ती नेमली. ज्यांनी कायदा केला नाही तिथे भाड्याचे दावे जुन्याच न्यायालयांत पडून राहिले. ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, जमीनवापर, झोपडपट्टी सुधारणा असे १८ विषय लिहिले; पण अनुच्छेद २४३ब (इंग्रजीत 243W) नुसार हे अधिकार पालिकांना द्यायचे की नाहीत ते राज्याने कायद्याने ठरवायचं. १९९३ पासून ती वाक्यरचना तशीच आहे, आणि शहराच्या विकास नियमांवर शेवटची सही मंत्रालयातच होते.

आता परवडण्याचा हिशेब, कारण आमदाराशी बोलताना तुमच्या हातात आकडे हवेत. जीएसटीसाठी परवडणारं घर म्हणजे महानगरात ६० चौरस मीटर, सुमारे ६४५ चौरस फूट कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं) क्षेत्र, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. ही व्याख्या २०१९ ची. ४५ लाखांच्या घरावर ८० टक्के कर्ज म्हणजे ३६ लाख. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी हप्ता येतो महिना सुमारे ३१,२४०. उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता जाऊ नये असं धरलं तर घरात महिना ७८ हजार यायला हवेत. शिवाय हातात रोख हवेत ते ९ लाख, सहा टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि एक टक्का जीएसटीचे ४५ हजार: एकूण १२ लाख ४५ हजार. दुसरीकडे पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये मध्यम उत्पन्न गटाची वरची मर्यादा वर्षाला ९ लाख, म्हणजे महिना ७५ हजार आहे. दुर्बल घटकाची ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. सरकारच्या एका खात्याचं "परवडणारं" घर दुसऱ्या खात्याच्या "मध्यम" गटातल्या सगळ्यात वरच्या कुटुंबालाही परवडत नाही. व्याख्या उत्पन्नाशी जोडा, ही मागणी एका ओळीत लिहिता येते आणि तिला घटनादुरुस्ती लागत नाही. जीएसटीची व्याख्या जीएसटी परिषदेत बदलते. तिथे राज्याचा मंत्री बसतो, त्याला प्रश्न विचारणं हे आमदाराचं काम.

चटईक्षेत्राचं काय होतं ते नीट समजून घ्या. ते विधानसभेत मतदानाला येतच नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली बदलाची सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, मग शासन अधिसूचना काढतं. त्या महिन्यात तुम्ही आणि तुमच्या आमदाराने लेखी हरकत नोंदवली नाही तर पुढची सगळी चर्चा वाया जाते. चटईक्षेत्र वाढवलं की घरं स्वस्त होतील, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. वाढीव क्षेत्रातून किती मजले निघणार हे जमीनमालकालाही कळतं आणि तो तेवढा भाव आधीच मागून घेतो. वाढीबरोबर बांधकाम पूर्ण करण्याची मुदत आणि लहान घरांचं प्रमाण बंधनकारक असेल, तरच फायदा घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम हे त्याचं जवळचं उदाहरण. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर २० टक्के घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. नियम चांगला आहे. पळवाट अशी की भूखंडाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४००० च्या आत ठेवला जातो, किंवा विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळतं आणि २० टक्क्यांची इमारत जोत्यावरच राहते. उपायही नियमातच आहे: विक्रीच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र लहान घरांच्या इमारतीशी बांधा, आणि एका मूळ सातबाऱ्यातून निघालेले तुकडे एकत्र मोजा. आमदाराला हेच दोन बदल सुचवा.

मुद्रांक शुल्क आणि अधिमूल्य हेही पूर्णपणे राज्याचे विषय. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणलं आणि नोंदण्या एकदम वाढल्या. जानेवारी २०२१ मध्ये अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्मं केलं, तेव्हा सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं, अशी अट घातली. यातली दुसरी पद्धत मला जास्त योग्य वाटते, कारण सवलतीचा काही भाग ग्राहकाच्या कागदावर दिसतो. नुसती सूट दिली की ती किमतीत विरून जाते.

भाड्याच्या घरांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली. घर गेलं तर परत मिळणार नाही, या भीतीने मालक कुलूप लावून ठेवतो. १९४० च्या पातळीवर गोठवलेली भाडी अवाजवी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात जुन्या भाड्यावर वर्षाला चार टक्के वाढ आहे आणि कलम ५५ खाली लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी मालकावर बंधनकारक आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना दिला: निवासासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत, आणि वादांसाठी ठरलेल्या मुदतीची यंत्रणा. तो लागू करणं राज्याच्या मर्जीवर आहे. जुन्या पागडीच्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवून नव्या करारांना तो लावावा, ही मागणी रास्त आहे आणि एका अधिवेशनात पूर्ण होण्याजोगी आहे.

खासगी जमीन घेऊन घरं बांधा, असंही सुचवलं जातं. शहरी जमीन कमाल मर्यादेचा १९७६ चा कायदा त्याच हेतूने आला. जमीन राज्याचा विषय असल्याने राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ खाली ठराव केले, मग संसदेने तो केला. मुंबईत मर्यादा ५०० चौरस मीटर होती. पण कलम २० मधल्या सवलतींनी आणि वर्षानुवर्षांच्या दाव्यांनी जमीन अडकून पडली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये तो रद्द केला. त्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असं सांगणाऱ्या अनुच्छेद ३९(ख) मधल्या "समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती"त प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही. साधनाचं स्वरूप, दुर्मीळता, काही हातांत झालेलं केंद्रीकरण हे पाहावं लागेल. म्हणजे असा कायदा करायचा तर आधी आकडेवारी गोळा करावी लागेल. तो पर्याय बंद झालेला नाही, पण लांबचा झाला आहे.

राज्याचं २०२५ चं गृहनिर्माण धोरण "माझे घर, माझे अधिकार" हे ब्रीद घेऊन आलंय. धोरणाला अंमलाचा कायदा नसतो, म्हणून त्यातला "अधिकार" कोर्टात मागता येत नाही. आमदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असावा की यातल्या कोणत्या तरतुदी कायद्यात आणणार आणि कोणत्या अधिवेशनात.

निवेदन एका पानाचं ठेवा. खासदारासाठी वेगळं, आमदारासाठी वेगळं. प्रत्येकात कायद्याचं नाव, कलम, सध्याचा मजकूर आणि हवा असलेला मजकूर एवढंच असू द्या. तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) मसुदाही सोबत द्या, कारण आमदाराच्या कार्यालयात प्रश्न लिहायला माणूस असेलच असं नाही. प्रश्नात मत मागू नका, संख्या मागा: आपल्या महापालिकेत २० टक्क्यांच्या नियमाखाली किती प्रकल्प मंजूर झाले, किती घरं म्हाडाकडे सुपूर्द झाली, विक्रीच्या इमारतीला भोगवटा दिलेल्या पण लहान घरं न दिलेल्या प्रकल्पांची यादी काय. उत्तर "माहिती घेण्यात येत आहे" असं आलं तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकायला सांगा; उत्तर आलं पण अपुरं असेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्री सभागृहात "तपासून कार्यवाही करू" म्हणाले, तर त्या दिवसाच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतातलं ते वाक्य काढून ठेवा. ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आश्वासन समितीपुढे जातं आणि खात्याच्या सचिवाला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं.